शत्रूच्या लेखणीतून मिळालेली शाबासकी : मलिक अंबर यांची जीवनकथा

मुरुडला येणारे पर्यटक राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होडीत बसतात आणि जंजिरा बघून येतात. तोफा बघतात, किल्ल्यातले गोड्या पाण्याचे तळे बघतात, चारी बाजूंना खारे पाणी असताना हे पाणी गोड कसे, याचे नवल करतात. पण आणखी एक नवल आहे, त्याबद्दल फार कमी लोक विचारतात. हजारो मैल दूर आफ्रिकेतून आलेली माणसे आपल्या या किनाऱ्यावर राज्यकर्ते कशी झाली? १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. तोपर्यंत तीनशेहून अधिक वर्षे सिद्दींची सत्ता इथे टिकून होती. हे आपोआप घडलेले नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो की वाट निजामशाहीत जाते आणि तिथे एक नाव समोर उभे राहते : मलिक अंबर. त्या काळात वरचे चौल आणि दंडा-राजपुरीचा हा मुलूख निजामशाहीत होता. हबशी सरदारांचे निजामशाहीतले वजन मलिक अंबर यांच्या कारकिर्दीत सर्वांत जास्त वाढले आणि त्याच काळात जंजिऱ्यावर सिद्दींचे पाय घट्ट रोवले गेले.

मलिक अंबर यांच्या लढाया, गनिमी कावा, खडकी शहर यांवर बरेच लिहिले गेले आहे. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. त्यामुळे आम्हाला त्यांच्या आयुष्यात दुसरीच एक गोष्ट ठळक दिसते. या माणसाची कदर कुणी केली, कधी केली, आणि त्या कदरीतून पुढे काय उभे राहिले? तसेच ज्यांनी त्यांना शिव्या दिल्या, हिणवले, त्या शब्दांचे काय झाले? ही जीवनकथा आम्ही या बाजूने सांगत आहोत.

विकला गेलेला मुलगा

साधारण १५४८ साली इथिओपियाच्या दक्षिण भागात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात आला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात त्याची ८० गिल्डरला विक्री झाली, अशी नोंद पुढे एका डच व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. एका मुलाची किंमत ८० नाणी! बाजारात गुलामाचे दात बघतात, दंड बघतात, वय विचारतात. त्याच्या डोक्यात काय आहे, हे कोण बघणार?

तिथून चापू बगदादला पोहोचला. तिथे मीर कासिम नावाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. आणि इथे या कथेतले पहिले वळण येते. मीर कासिमच्या लक्षात आले की हा मुलगा इतरांसारखा नाही, याची बुद्धी तल्लख आहे. दुसरा कुणी असता तर हुशार गुलामाकडून दुप्पट काम काढून घेतले असते. मीर कासिमने त्याला शिक्षण दिले. मुलाने इस्लाम स्वीकारला आणि त्याला नवे नाव मिळाले, अंबर. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा मौल्यवान सुगंधी पदार्थ.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. मीर कासिम हा मालकच होता. त्याने अंबरला शिकवले, पण मुक्त केले नाही. त्यामुळे त्याला संत ठरवण्याची गरज नाही. मात्र ज्या मुलाकडे सगळ्या जगाने फक्त माल म्हणून पाहिले, त्याच्यातली बुद्धी ओळखणारा पहिला माणूस हाच. ओळखून तो नुसता वाहवा करून थांबला नाही, मुलाच्या हातात विद्या दिली. पुढचे सगळे आयुष्य अंबर त्या शिदोरीवर चालले.

त्याच वाटेने वर आलेला मालक

१५७०च्या सुमारास अंबर दख्खनमध्ये आले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्यांना विकत घेतले. नाव ऐकून मंगोल वाटेल, पण हा चंगेज खान स्वतः हबशी होता आणि एके काळी स्वतःही गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते, अंबर त्यातलेच एक.

विचार करा, पंचविशीच्या आतल्या त्या तरुणाला काय वाटले असेल. आपल्याच रंगाचा, आपल्यासारखाच विकला गेलेला माणूस राज्याचा कारभार हाकतो आहे, सुलतान त्याचा सल्ला घेतो आहे. कधी कधी पाठीवर हात ठेवणारा कुणी नसतो, पण समोर असा एक माणूस असतो की त्याला बघूनच मनात येते, मलाही जमेल. आमच्या वर्गातल्या मुलींना गावातलीच एखादी ताई नर्स किंवा शिक्षिका झालेली दिसली की त्यांची चाल बदलते, हे आम्ही पाहिले आहे. दरबार कसा चालतो, फौज कशी ठेवायची, हे अंबर यांना इथे जवळून बघायला मिळाले.

थोड्याच वर्षांत चंगेज खानाचा मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीने अंबर यांना मुक्त केले. आता ते स्वतंत्र होते, पण रिकाम्या हाताचे. पुढची वीसेक वर्षे त्यांनी शिपाईगिरी केली. काही काळ विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. मलिक हा किताब त्यांना तिथेच मिळाला. १५९५च्या सुमारास ते निजामशाहीत परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर जेमतेम १५० स्वार होते. वय पंचेचाळीसच्या पुढे. आज आपल्याकडे या वयात माणसे म्हणू लागतात, आता आपले काय राहिले? मलिक अंबर यांच्या आयुष्यातले खरे काम तर यानंतर सुरू झाले.

पडलेल्या राज्याला उभे करणारा

तो काळ निजामशाहीसाठी फार वाईट होता. अकबराच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. चांदबीबीने अहमदनगरचा किल्ला हिमतीने लढवला, पण १६०० साली तो मोगलांच्या हाती गेला. बालसुलतानाला कैद करून ग्वाल्हेरला नेले. राज्य संपले, असे सगळे समजून चुकले होते.

मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधला आणि त्याच वर्षी परांड्याच्या किल्ल्यात मुर्तजा निजामशाह दुसरा म्हणून त्याला गादीवर बसवले. आपली मुलगी त्याला दिली. राजा नावाला आणि कारभार मलिक अंबर यांचा, हे खरेच आहे. पण बुडालेले राज्य त्यांनी आणखी २६ वर्षे मोगलांसमोर उभे ठेवले, हेही तितकेच खरे.

ही लढाई बरोबरीची नव्हती. मोगलांकडे मोठ्या तोफा, हत्ती, अफाट पैसा. मलिक अंबर यांनी समोरासमोर भिडण्याचे टाळले. हलके, चपळ घोडदळ, रात्रीचे छापे, रसद तोडणे, डोंगराळ मुलखात शत्रूला दमवणे, हा त्यांचा मार्ग. दख्खनमध्ये त्याला बारगीगिरी म्हणत. त्यांच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते, आणि मराठे फार मोठ्या संख्येने होते. शहाजीराजे भोसले त्यांच्याच काळात निजामशाहीतले मोठे सरदार म्हणून पुढे आले. माणूस कुठल्या जातीचा, कुठल्या देशाचा, हे न विचारता तो काय करू शकतो हे बघणे, ही मीर कासिमची नजर आता मलिक अंबर यांच्याकडे होती.

लढाईइतकेच त्यांचे कारभारातले कामही मोठे आहे. जमिनीची प्रत बघून सारा ठरवण्याची पद्धत त्यांनी बसवली. सारावसुलीचा मक्ता देण्याची चाल बंद केली, म्हणजे मक्तेदाराने शेतकऱ्याला पिळण्याची सोय राहिली नाही. वसुलीच्या कामात मराठी ब्राह्मण कारकून होते. मलिकंबरी धारा हा शब्द त्यांच्यानंतरही कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी राहिला. १६१०च्या सुमारास त्यांनी खडकी शहर वसवले. त्याचे पुढे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांमधून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी हे त्यांचेच काम. पंप नाही, वीज नाही, आणि पाणी घराघराजवळ. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

एका टोमण्याची किंमत

अपमान काय करू शकतो हेही याच आयुष्यात दिसते, आणि ते आम्ही लपवणार नाही.

१६१७ साली पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा डच व्यापारी मलिक अंबर यांच्या छावणीत आला होता. त्याने जे ऐकले ते असे. मुर्तजा निजामशाहची थोरली राणी इराणी होती. तिचे आणि मलिक अंबर यांच्या मुलीचे भांडण झाले. भांडणात राणीने मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि बापाचाही उद्धार केला. मुलीने हे बापाला कळवले. त्यानंतर १६१० साली सुलतान आणि ती राणी, दोघांचा विषप्रयोगाने मृत्यू झाला आणि तो मलिक अंबर यांनीच घडवून आणला, अशी ही हकीकत आहे.

हे कृत्य कुठल्याही तऱ्हेने समर्थन करण्यासारखे नाही. पण त्यामागची जखम बघा. तोवर मलिक अंबर साठीला पोहोचले होते. राज्याची सगळी सूत्रे त्यांच्या हातात, हजारोंची फौज हाताखाली. आणि मोखाच्या बाजारातला तो शिक्का पन्नास वर्षांनीही एका शब्दाने ताजा झाला. लहानपणी लागलेला शब्द माणूस मोठा झाला म्हणून जात नाही. वर्गात एखाद्या मुलाला आपण ढ म्हणतो, काळ्या म्हणतो, त्याच्या बापाच्या धंद्यावरून हाक मारतो, आणि मुले हसतात म्हणून आपणही हसतो. तो मुलगाही हसतो. त्या हसण्यावर विश्वास ठेवू नये.

त्याच डच माणसाने दुसरीही गोष्ट नोंदवली आहे. मलिक अंबर यांच्यावर लोकांचे प्रेम आहे, त्यांचा आदर आहे, कारभार चांगला आहे, चोरी-लुटीला कडक शिक्षा असल्यामुळे प्रवासी सोने घेऊनही बिनधास्त फिरू शकतो, असा त्याच्या लिहिण्याचा मथितार्थ. परका माणूस, परक्या धर्माचा, व्यापारापुरता आलेला. त्याने जे वाईट ऐकले ते लिहिले आणि जे चांगले पाहिले तेही लिहिले. म्हणूनच त्याच्या स्तुतीला वजन आहे.

बादशहाचे चित्र

आता जहांगीर बादशहाकडे येऊ. अकबराचे अर्धवट राहिलेले दख्खनचे काम पुरे करायचे, ही त्याची इच्छा. एकामागून एक सेनापती तो दख्खनला पाठवत होता आणि मलिक अंबर त्यांना परतवत होते. नेहमीच जिंकले असे नाही. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत त्यांचा मोठा पराभव झाला, मोगलांनी खडकी जाळली. पण ते पुन्हा उभे राहिले.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रात मलिक अंबर यांचा उल्लेख करताना त्यांच्या रंगावरून आणि नशिबावरून शिव्या घातल्याशिवाय राहत नाही. एवढ्याने समाधान झाले नाही म्हणून की काय, त्याच सुमारास त्याच्या दरबारातला नामांकित चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, समोर भाल्यावर मलिक अंबर यांचे तुटलेले डोके आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे. हे चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

चित्र अतिशय सुंदर आहे आणि साफ खोटे आहे. जहांगीरच्या हाती मलिक अंबर यांचे डोके कधीच लागले नाही. मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर आपल्या मुलखात नैसर्गिक मृत्यूने गेले. खुलदाबादला त्यांची कबर आहे. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. ज्या माणसाला हरवता आले नाही त्याला कागदावर मारले, एवढाच त्या चित्राचा अर्थ आज उरला आहे. आणि गंमत बघा, ज्यांनी मलिक अंबर हे नाव कधी ऐकले नव्हते, असे कितीतरी लोक ते चित्र बघून विचारतात, हा कोण होता? अपमानासाठी काढलेले चित्रच त्यांची ओळख सांगत फिरते आहे.

मुतमद खानाची लेखणी

जहांगीरच्या दरबारात मुतमद खान नावाचा एक अधिकारी होता. बादशहाच्या इतका विश्वासातला की प्रकृती साथ देईना तेव्हा जहांगीरने आपले आत्मचरित्र पुढे लिहिण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले. म्हणजे बादशहाच्या मनात मलिक अंबर यांच्याबद्दल किती राग होता, हे या माणसाला पुरेपूर ठाऊक होते.

पुढे मुतमद खानाने स्वतःच्या नावाने इकबालनामा-ए-जहांगीरी हा इतिहास लिहिला. त्यात मलिक अंबर यांच्या मृत्यूची नोंद करताना त्याला थोडक्यात निभावून नेता आले असते. एक शत्रू मेला, बरे झाले, एवढे लिहिले असते तरी कुणी विचारले नसते. पण तो थांबला आणि त्याने त्या गुलामाची तारीफ लिहून ठेवली. युद्धकलेत, सेनापती म्हणून, शहाणपणात आणि राज्यकारभारात या माणसाच्या तोडीचा कुणी नव्हता, असे तो सांगतो. बारगीगिरीची लढाई तो उत्तम जाणत होता, मुलखातल्या दंगेखोरांना त्याने काबूत ठेवले, शेवटच्या श्वासापर्यंत आपला मान राखला. आणि एक हबशी गुलाम इतक्या उंचीवर गेल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असा निर्वाळा देऊन तो पुढे जातो.

या मजकुरात किती गोष्टी आहेत बघा. फार महान होते, थोर होते, असे मोघम काही नाही. काय केले, कसे केले, नेमके सांगितले आहे. लिहिणाऱ्याला त्यातून काही मिळणार नव्हते. ज्याची तारीफ केली तो कबरीत होता, त्याच्याकडून इनाम येणार नव्हते. उलट आपल्याच दरबाराला ती टोचू शकली असती. आज जगभरातले इतिहासकार मलिक अंबर यांच्याबद्दल लिहितात तेव्हा मुतमद खानाचा हा मजकूर बहुतेक सगळे देतात. बादशहाच्या शिव्याही देतात, पण त्या बादशहाचा स्वभाव दाखवण्यासाठी. मलिक अंबर कसे होते हे सांगायला साक्ष काढली जाते ती मुतमद खानाची.

दुरावलेल्या घराकडून आलेला मान

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजा, दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, छापे घालून त्याला हैराण केले आणि मग धुव्वा उडवला. शहाजीराजांनी या लढाईत पराक्रम गाजवला. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथे कामी आले.

एवढ्या विजयानंतर काय व्हायला हवे होते? शहाजीराजांचा मान वाढायला हवा होता. पण दोघांत दुरावा आला आणि थोड्याच काळात शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरला गेले. शहाजीराजांचे वाढते वजन मलिक अंबर यांना खुपले, असे इतिहासकार मानतात. ज्या माणसाचे आयुष्य दुसऱ्यांनी केलेल्या कदरीवर उभे राहिले, त्याचा हात ऐन वेळी आखडला. भावाला गमावलेल्या माणसाला दोन शब्द कमी पडले की काय होते, ते इथे दिसते. राज्याचा सर्वांत कर्तबगार तरुण सरदार निघून गेला. दोन वर्षांत मलिक अंबर गेले, आणि त्यांच्यानंतर दहा वर्षांत निजामशाही कायमची बुडाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. शहाजीराजांचे पुत्र छत्रपती शिवाजी महाराज. महाराजांच्या आज्ञेने कवींद्र परमानंद यांनी शिवभारत हे संस्कृत काव्य रचले. त्यात भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. आपल्या धन्याच्या वडिलांना ज्यांच्यामुळे निजामशाही सोडावी लागली, त्या मलिक अंबर यांना कमी लेखून काव्य लिहिता आले असते. तेव्हा महाराजांचे आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचे वैर चालू होते, म्हणजे हबशी माणसाला शूर म्हणण्याची कुणाला गरजही नव्हती. तरी परमानंदांनी मलिक अंबर यांना शूर म्हटले, मोगलांना धाक बसवणारा सेनापती म्हणून आदराने उभे केले.

एकाच माणसाची तारीफ मोगल अधिकाऱ्याने फारसीत केली आणि शिवाजी महाराजांच्या कवीने संस्कृतात केली. एकाच्या धन्याशी आणि दुसऱ्याच्या धन्याच्या वडिलांशी त्या माणसाचे कधी ना कधी बिनसलेले. आजकाल इतिहासाच्या नावाने आपल्याकडे गावागावांत माणसे एकमेकांवर बोटे रोखून उभी राहतात. त्यांनी या दोन लेखण्यांकडे एकदा बघावे. विरोधकाचा गुण मान्य केल्याने ना मुतमद खान लहान झाला ना परमानंद.

आपल्या मोहल्ल्यात

खुशामत आणि तारीफ यांतला फरक उर्दू बोलणाऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. तोंडावर अवाजवी स्तुती करणे आपल्या दीनने नापसंत केले आहे. पण गुण ओळखून माणसाला त्याच्या जागी बसवणे, ही तर सुन्नत आहे. हजरत बिलाल (रजि.) हेही हबशी, तेही गुलामगिरीतून आलेले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यावर अजानची जबाबदारी सोपवली. सगळ्या मदीना शहराने ज्याच्या हाकेवर नमाजला यायचे, असे ते काम. कदर अशी असते. ती शब्दांनी सुरू होते, पण हातात काम दिल्यावर पुरी होते.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर दहावीचा निकाल लागला की जमातीचे गुणगौरव समारंभ होतात. शाल, ट्रॉफी, फ्लेक्स, व्हॉट्सअॅपवर माशाअल्लाहचा पाऊस. चांगली गोष्ट आहे, होऊ द्या. पण तो मान पहिल्या तिघांना मिळतो. पंचेचाळीस टक्केवाला मुलगा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो. तोच मुलगा सुट्टीत मामाच्या होडीचे इंजिन खोलून जोडतो, हे कुणी स्टेजवरून सांगत नाही. आजीला इन्सुलिन वेळेवर देणाऱ्या, चार भावंडांचा अभ्यास घेणाऱ्या मुलीचे नाव कुठल्या फ्लेक्सवर येत नाही. कुवेतहून, दुबईहून अब्बांचा फोन येतो, पहिला प्रश्न मार्क किती? दुसरा प्रश्न नसतोच. मग ही मुले हळूहळू शाळेतून दिसेनाशी होतात. अभ्यास झेपत नाही, असे कारण आपण रजिस्टरमध्ये मनातल्या मनात लिहून टाकतो. खरे कारण पुष्कळदा असे असते की, तुला हे जमते, असे त्यांना कधी कुणी सांगितलेलेच नसते.

मराठीत आपण शाबास म्हणतो. हा शब्द फारसीतल्या शाद बाश वरून आला, अर्थ, आनंदी राहा. उर्दूतही तोच, मराठीतही तोच. फुकटचा आहे, पण फुकट वाटायचा नाही. मीर कासिमसारखा वेळेवर द्यायचा. मुतमद खानासारखा नेमका द्यायचा, नुसते छान न म्हणता काय छान केले तेही सांगायचे. आणि परमानंदांसारखा, आपले ज्याच्याशी पटत नाही त्यालाही द्यायचा.

या महिन्यात प्रत्येक घराने आणि प्रत्येक शिक्षकाने एवढेच करावे. ज्याची कधी कुणी तारीफ केली नाही असे एक मूल शोधावे, त्याला खरोखर काय येते ते आठ दिवस नीट बघावे, आणि मग ते त्याला चार माणसांत, नाव घेऊन सांगावे. आणि त्याच गुणाला साजेसे एक काम त्याच्या हातात द्यावे. त्यातून मलिक अंबर निघेलच असे नाही. पण एक मूल शाळेत टिकेल, आणि आम्हा शिक्षकांना तेवढेही पुष्कळ आहे.